घराची किल्ली

घर म्हणजे केवळ चार भिंती आणि वर छप्पर नव्हे. ज्या वास्तूत मनुष्य आपल्या इच्छेप्रमाणे वावरतो, जिचे दार तो स्वतः लावतो आणि स्वतः उघडतो, तिलाच तो आपले घर म्हणतो. म्हणून पूर्वीच्या काळी किल्ल्यांच्या जुडग्याला मोठा मान असे. ज्या गृहिणीच्या कमरेला तो जुडगा असे, तिच्या शब्दावाचून कोठीतला दाणाही हलत नसे. सून कर्तीसवरती झाली, की सासू मोठ्या विश्वासाने तो तिच्या स्वाधीन करी. किल्ली देणे म्हणजे घराचा कारभार देणे, हे लहानथोर सर्वांना ठाऊक होते.

आज या किल्लीचे रूप पालटत चालले आहे. अंधार पडताच काही घरांतील दिवे आपोआप लागतात. टाकी भरली, की पंप आपोआप थांबतो. घरधनी शेकडो मैल दूर असला, तरी मोबाइलवरून पंखा बंद करू शकतो. दाराच्या कुलपालाही आता लोखंडी किल्ली लागतेच असे नाही. अशा घराला स्वयंचलित घर म्हणतात. परंतु या आज्ञाधारक घराची किल्ली खरोखर कोणापाशी असते? ज्याने ही उपकरणे विकत घेतली त्याच्यापाशी, की ज्याने ती विकली त्याच्यापाशी? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी असे घर चालते कसे, हे समजून घेतले पाहिजे.

कोणतेही स्वयंचलित यंत्र उकलून पाहिले, तर त्यात तीन अंगे आढळतात. पहिले अंग डोळ्यांचे किंवा कानांचे काम करते. त्यास संवेदक म्हणतात. उजेड किती आहे, उष्णता किती आहे, दार उघडे आहे की मिटलेले, हे तो जाणतो. दुसरे अंग मेंदूचे. संवेदकाने आणलेली वार्ता ऐकून काय करावे, हे ते ठरवते. तिसरे अंग हाताचे. मेंदूची आज्ञा होताच ते प्रत्यक्ष कृती करते. दिव्याच्या बाबतीत हे काम 'रिले' नावाचे एक लहानसे साधन करते. रिलेमध्ये तारेचे एक वेटोळे असते. त्यातून किंचित वीज वाहू लागली, की ते लोहचुंबकासारखे वागू लागते आणि लोखंडाची एक पट्टी आपल्याकडे ओढून घेते. पट्टी सरकताच मोठ्या विजेचा मार्ग जुळतो आणि दिवा लागतो. वेटोळ्यातील वीज थांबली, की पट्टी मागे जाते आणि दिवा मालवतो.

गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. टाकीत तरंगणारा गोळा हा संवेदक. पंप बंद करणारा रिले हा हात. आणि 'पाणी काठाशी आले, की पंप थांबवावा' हा नियम जेथे साठवलेला असतो, तो मेंदू. यांपैकी डोळा टाकीतच असला पाहिजे आणि हात पंपापाशीच असला पाहिजे, हे उघड आहे. मेंदूला मात्र असे जागेचे बंधन नाही. वार्ता त्याच्यापर्यंत पोचली आणि त्याची आज्ञा परत आली, की काम भागते. तो घरातल्या कोनाड्यात बसलेला असेल, किंवा सातासमुद्रांपलीकडेही असेल. घराची किल्ली कोणापाशी, या प्रश्नाचे उत्तर या मेंदूच्या जागेवर अवलंबून आहे.

आरंभी हा मेंदू घरातच असे. १९७५ साली स्कॉटलंडमधील ग्लेनरोथीस या गावी पिको इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या एका कंपनीने 'एक्स-टेन' नावाची पद्धत तयार करण्यास आरंभ केला. घरात विजेच्या तारा भिंतीभिंतींतून खेळवलेल्या असतातच. मग आज्ञा वाहून नेण्यासाठी निराळ्या तारा कशाला हव्यात, असा विचार तिच्या अभियंत्यांनी केला. विजेच्या त्याच तारांतून त्यांनी सूक्ष्म संकेत पाठवले. घरासाठी १६ अक्षरे आणि उपकरणांसाठी १६ क्रमांक अशी त्यांनी योजना केली. सोळासोळांच्या जोडीने २५६ पत्ते तयार झाले. ज्या पत्त्यावर संकेत जाई, तोच दिवा लागे. ही पद्धत अगदी निर्दोष होती असे नाही. कधीकधी शेजारच्या घरातील संकेत विजेच्या तारांतून इकडे येत आणि भलताच दिवा लागे. तथापि एक गोष्ट खरी, की आज्ञा देणारा, ती वाहून नेणारी तार आणि ती पाळणारा दिवा ही तिन्ही एकाच वास्तूत नांदत होती.

पुढे घरोघरी इंटरनेट आले आणि चित्र बदलले. उपकरणे बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनी हा मेंदू घरातून उचलून आपल्या कार्यालयांच्या मोठमोठ्या संगणकांत नेऊन ठेवला. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. आता दिवाणखान्यात बसलेला मनुष्य मोबाइलवर दिवा लावण्याची आज्ञा देतो, तेव्हा काय घडते ते पाहण्यासारखे आहे. दिवा त्याच्यापासून दहा हातांवर असतो. परंतु आज्ञा प्रथम घराबाहेर पडते. ती कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाते. तो सर्व्हर कदाचित परदेशातही असतो. तेथे तिची नोंद होते आणि मग तीच आज्ञा आल्या वाटेने परत येऊन दिव्याला मिळते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही गत आहे. हा सारा प्रवास एका क्षणात उरकतो, म्हणून तो कोणाच्या ध्यानात येत नाही, इतकेच.

कंपन्यांनी असे केले याला कारणे नव्हती असे नाही. मेंदू दूर ठेवला, की घरातले उपकरण साधे आणि स्वस्त करता येते. घरधनी परगावी असला, तरी त्याची आज्ञा घरापर्यंत सहज पोचते. यंत्रात दोष आढळला, तर कंपनी दूरूनच तो सुधारू शकते. मनुष्याचे बोलणे ओळखण्यासारखे अवघड काम मोठ्या संगणकावर अधिक चांगले होते. या सोयी खऱ्या आहेत आणि लोकांना त्या आवडल्या, यात नवल नाही.

परंतु सोयीबरोबर परावलंबनही घरात शिरले. इंटरनेट बंद पडले, की घरातल्या घरात दिलेली आज्ञासुद्धा अडकून पडते. शिवाय प्रत्येक आज्ञेची बाहेर नोंद होते. दिवे कधी मालवले यावरून कुटुंब कधी झोपते ते कळते. दार कधी उघडले यावरून कोण कधी आले ते कळते. आठ दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर घर रिकामे आहे हेही कळते. भिंतीला कान असतात, असे आपण म्हणतो. येथे त्या कानांनी ऐकलेले कोणाच्या वहीत लिहिले जाते, हे घरच्या माणसाला ठाऊक नसते. आणि सर्वांत मोठी अडचण अशी, की ज्याने मेंदू आपल्यापाशी ठेवला, तोच एके दिवशी दुकान बंद करून निघून गेला, तर काय करावे?

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात बोल्डर नावाचे शहर आहे. तेथील एका कंपनीने 'रिव्हॉल्व्ह' नावाचे एक उपकरण बाजारात आणले होते. निरनिराळ्या कंपन्यांचे दिवे, कुलपे आणि संवेदक यांना एकत्र चालवणारा तो जणू कारभारीच होता. त्याची किंमत २९९ डॉलर होती. २०१४ साली 'नेस्ट' या मोठ्या कंपनीने ही लहान कंपनी विकत घेतली आणि या उपकरणाची विक्री थांबवली. ज्यांच्या घरी ते आधीच बसवलेले होते, त्यांचे काम चालू राहिले. मग २०१६ साली कंपनीने कळवले, की १५ मे रोजी रिव्हॉल्व्हची सेवा बंद होईल. त्यानंतर त्याचे ॲप उघडणार नाही आणि उपकरणही चालणार नाही. ते उपकरण मोडलेले नव्हते. त्यातली एक तारही तुटलेली नव्हती. केवळ दूरचा मेंदू थांबणार होता, आणि त्याबरोबर घरातली धडधाकट वस्तू निर्जीव होणार होती. लोकांनी मोठी ओरड केली. सरकारच्या व्यापार आयोगानेही चौकशी केली. कंपनीने ग्राहकांना पैसे परत दिले, म्हणून ते प्रकरण तेथेच मिटले. पण पैसे देऊन विकत घेतलेली वस्तू आपली असते, ही लोकांची समजूत त्या दिवसापासून डळमळीत झाली.

सहा वर्षांनी असाच, पण थोडा निराळा प्रसंग घडला. कॅलिफोर्नियातील 'इन्स्टिऑन' या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेवाचून बंद पडले. ग्राहकांच्या मोबाइलवरील ॲप एकाएकी मुके झाले. परंतु रिव्हॉल्व्हच्या आणि या प्रसंगात एक महत्त्वाचा भेद होता. इन्स्टिऑनची भिंतीवरील बटणे आणि दिवे एकमेकांशी विजेच्या तारांतून आणि रेडिओलहरींतून थेट बोलत. तो संवाद घराबाहेर जातच नसे. त्यामुळे कंपनी बंद पडली, तरी ज्या बटणांची दिव्यांशी घरातच जोडणी झालेली होती, ती चालू राहिली. बाहेरून येणारी आज्ञा तेवढी थांबली. पुढे जून २०२२ मध्ये तिच्या काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केले.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे 'स्थानिक नियंत्रण' या शब्दांचा अर्थ ध्यानात येतो. घरातील वार्ता घरातच ऐकली जावी, निर्णय घरातच व्हावा आणि आज्ञाही घरातूनच सुटावी, याचे नाव स्थानिक नियंत्रण. बाहेरच्या जगाशी संबंध ठेवू नये, असा त्याचा अर्थ नव्हे. गावात टपाल येते, जाते. म्हणून गावाने आपल्या विहिरीचे पाणी काढण्यासाठी दुसऱ्या गावाची परवानगी मागावी काय? बाहेरची वाट सोयीसाठी असावी. तिच्यावाचून घर अडून बसू नये.

हे साधण्यासाठी जगातील अनेक माणसे झटत आली आहेत. २०१३ साली पाउलुस स्काउटेन या डच संगणकतज्ज्ञाने आपल्या घरातील दिवे चालवण्यासाठी एक आज्ञावली लिहिली आणि ती सर्वांसाठी खुली केली. तिचे नाव 'होम असिस्टंट'. जिला जे हवे ते तिच्यात भर घालावे, चूक दिसली तर सुधारावी, अशी मुभा होती. हळूहळू जगभरातील हजारो लोकांचे हात या कामाला लागले. कोणी दिव्यांची भाषा शिकवली, कोणी कुलपांची, तर कोणी हवामानाची. ही आज्ञावली घरातल्या तळहाताएवढ्या संगणकावर चालते. तिच्याशी जोडलेल्या उपकरणांना घरातच बोलता येत असेल, तर त्यांच्यापुरते घराला इंटरनेट नसले तरी अडत नाही. इतक्या लोकांच्या श्रमाचे हे फळ उद्या एखाद्या श्रीमंताने विकत घेऊन कुलूपबंद करू नये, म्हणून २०२४ साली ते 'ओपन होम फाउंडेशन' या ना-नफा संस्थेच्या स्वाधीन करण्यात आले. ही संस्था स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेली आहे.

घरातील उपकरणांनी एकमेकांशी बोलावे कसे, याचीही एक सुबक रीत आहे. तिचे नाव 'एमक्यूटीटी'. तिचा जन्म घरासाठी झालेला नाही. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोन अभियंत्यांनी खनिज तेलाच्या लांबच लांब नळांवर नजर ठेवण्यासाठी ती तयार केली. ओसाड प्रदेशातून उपग्रहामार्फत वार्ता पाठवायची असे. ते महाग पडे. म्हणून अगदी मोजक्या शब्दांत निरोप जावा, अशी त्यांनी व्यवस्था केली. या रीतीत मध्ये एक टपालघर असते. संवेदक आपली वार्ता एका मथळ्याखाली तेथे देऊन मोकळा होतो, जसे 'स्वयंपाकघर, उष्णता, ३१ अंश'. ज्या उपकरणाला त्या मथळ्याच्या वार्ता हव्या असतील, त्याने आपले नाव टपालघरात आधीच नोंदलेले असते. त्याला ती तत्काळ पोचते. पाठवणाऱ्याला घेणाऱ्याची ओळख असण्याचे कारण नाही. ही रीत आज खुली आहे. कोणीही ती वापरावी, तिच्यासाठी कोणाला दाम मोजावे लागत नाहीत. म्हणून एका कंपनीचा संवेदक आणि दुसऱ्याच माणसाने घरी बनवलेला पंख्याचा रिले यांचे सूत सहज जुळते.

परंतु मेंदू घरात आणला, तरी काम पुरे होत नाही. यंत्र बिघडले, तर ते दुरुस्त कोणी करावे? येथे खुल्या रचनेच्या यंत्रांचा विचार येतो.

बैलगाडीचे उदाहरण घेतले, तर हा विचार समजण्यास सोपा जातो. एका गावी बनलेली गाडी दुसऱ्या गावाच्या वाटेवर मोडली, तर गाडीवान हताश होत नसे. तेथील सुतार चाकाचे आरे आणि तुंबा पाहूनच काय बिघडले ते सांगे. तेथील लोहार चाकावर नवी धाव चढवून देई. गाडी मुळात कोणी घडवली, हे त्यांना विचारावे लागत नसे. कारण गाडीची रचना सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडी होती. आजच्या विजेच्या उपकरणांचे तसे नाही. त्यांचे आवरण चिकटवून बंद केलेले असते. आतल्या जोडणीचा नकाशा कंपनीच्या तिजोरीत असतो. म्हणून लहानसा भाग निकामी झाला, तरी सबंध वस्तू फेकून द्यावी लागते.

या रीतीला छेद देणारी एक गोष्ट इटलीत घडली. त्या देशाच्या उत्तरेस डोरा बाल्तेआ नदीच्या काठी इव्रिया नावाचे गाव आहे. ऑलिव्हेट्टी टंकलेखन यंत्रांच्या कारखान्यामुळे ते प्रसिद्धीस आले होते. तेथील एका संस्थेत विद्यार्थ्यांना यंत्रे आणि माणसे यांच्या परस्परसंबंधाचे शिक्षण दिले जाई. विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी छोटे संगणक लागत. पण बाजारात मिळणारे महाग होते आणि वापरण्यास किचकट होते. एर्नांदो बारागान या कोलंबियातून आलेल्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची सोपी पद्धत तयार केली होती. तिच्या पायावर २००५ साली मास्सिमो बान्झी, डेव्हिड क्वार्तिएयेस आणि त्यांचे सहकारी यांनी एक स्वस्त पाटी तयार केली. पाटी म्हणजे जिच्यावर विजेचे बारीक भाग आणि त्यांना जोडणारे तांब्याचे मार्ग बसवलेले असतात ती तबकडी. ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत, त्याचे नाव इव्रियाच्या एका जुन्या राजावरून पडले होते. तो राजा १००२ ते १०१४ या काळात इटलीच्या गादीवर होता. तेच नाव पाटीला मिळाले आणि ती 'आर्डुइनो' झाली.

तिची खरी थोरवी तिच्या स्वस्ताईत नव्हती. त्या वेळी ही संस्था बंद पडण्याच्या मार्गावर होती. संस्था गेली, तर तिच्याबरोबर आपले कामही लयास जाईल किंवा कोणाच्या तरी मालकीचे होऊन बसेल, अशी त्या शिक्षकांना चिंता वाटली. तेव्हा त्यांनी पाटीचा संपूर्ण नकाशा आणि तिच्या तांब्याच्या मार्गांची आखणी जगासमोर खुली ठेवली. तीवरून कोणीही तशी पाटी बनवावी, बदलावी आणि विकावीसुद्धा. मूळचे नाव तेवढे विचारल्यावाचून लावू नये, एवढीच अट ठेवली. संस्थेचे इव्रियातील काम थोड्याच काळात थांबले, पण पाटी टिकली. कारण ती आता एका इमारतीत राहिली नव्हती. ती असंख्य लोकांच्या हाती पोचली होती. शाळांतून मुले तिच्यावर शिकू लागली. कोणी तिच्या साह्याने झाडांना पाणी देणारे यंत्र केले, कोणी हवेचा दाब मोजणारे.

२०११ साली अशा खुल्या यंत्रांची एक सर्वमान्य व्याख्या तयार झाली. ज्या यंत्राच्या रचनेचा अभ्यास कोणालाही करता येतो, त्यात फेरफार करता येतात, ती इतरांना देता येते, आणि तीवरून यंत्र बनवून विकताही येते, ते खुले यंत्र, असा त्या व्याख्येचा सारांश आहे.

येथे एक सत्य लपवून चालणार नाही. पाटी खुली असली, तरी तिच्यावर बसवलेली मुख्य चिप दुसऱ्या कंपनीची असते आणि बहुधा तिची अंतर्गत रचना बंदच असते. तेव्हा यंत्र एकतर खुले किंवा बंद, असे दोनच प्रकार नाहीत. मोकळेपणाच्या पायऱ्या आहेत. २०१४ साली शांघायच्या एका कंपनीने 'ईएसपी-८२६६' नावाची स्वस्त चिप आणली. वाय-फायच्या लहरींवरून ती बोलू शकत असे. तिची अंतर्रचना खुली नव्हती. परंतु तिला कामे शिकवण्याची साधने लवकरच सर्वांना मिळाली. ही चिप बाजारातील अनेक बटणांत आणि प्लगांत बसवलेली असे. मूळची आज्ञावली दूरच्या सर्व्हरकडे पाहत असे. हौशी तंत्रज्ञांनी ती काढून 'टास्मोटा'सारख्या खुल्या आज्ञावल्या तेथे घातल्या. तेच बटण आता घरधन्याचे ऐकू लागले. म्हणजे चिप बंद असूनही तिची किल्ली घरी परत आली.

किल्ली हाती आली, की जबाबदारीही येते. घराचा मेंदू घरात ठेवणाऱ्याने त्याची निगा राखली पाहिजे, आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत केली पाहिजे, सांकेतिक शब्द सहज ओळखता येणार नाही असा ठेवला पाहिजे. कंपनी करीत होती ती राखण आता त्यालाच करावी लागते. शिवाय आपल्याकडील घरातील वीज सुमारे २३० व्होल्ट दाबाची असते. तिचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून मुलांनी शिकण्यासाठी पाच व्होल्टांची पाटी, बॅटरी आणि छोटे दिवे यांवरच प्रयोग करावेत आणि भिंतीतल्या तारांना हात लावू नये. ते काम जाणत्या वायरमनचेच आहे. भिंतीवरचे साधे बटणही काढून टाकू नये. सारी यंत्रे थकली, तरी आजीला उठून हाताने दिवा लावता आला पाहिजे.

प्रत्येकाने आपल्या घराची यंत्रे स्वतः बनवावीत, असा आग्रह कोणी धरणार नाही. सर्वच शेतकरी गाडी घडवत नसत. परंतु ती घडवणारा जवळ असावा आणि त्याला ती उघडून पाहण्याची मोकळीक असावी, एवढे तरी आवश्यक आहे. म्हणून घरात नवे उपकरण आणताना सुज्ञ माणसाने दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. इंटरनेट बंद असताना हे चालेल काय? बनवणारी कंपनी उद्या नसली, तरी हे चालेल काय? आणि बिघडले, तर बनवणाऱ्यावाचून दुसरा कोणी हे दुरुस्त करू शकेल काय? तिन्ही प्रश्नांना होकार मिळेलच असे नाही. पण जो विचारतो, त्याला आपण वस्तू विकत घेत आहोत, की केवळ ती वापरण्याची परवानगी घेत आहोत, हे तरी कळते.

यंत्रे मनुष्याची चाकरी करण्यासाठी आहेत. चाकराने धन्याचे ऐकावे, पण त्याच वेळी दुसऱ्या धन्याचा हुकूम मानू नये, ही अपेक्षा रास्त आहे. ज्यांनी आपले नकाशे जगासमोर खुले ठेवले, त्यांनी ही अपेक्षा पुरी होण्याचा एक मार्ग दाखवला आहे. त्या मार्गाने जाण्यासाठी मोठे धन लागत नाही. वस्तू आतून कशी चालते हे जाणण्याची इच्छा आणि जाणलेले दुसऱ्याला सांगण्याचे औदार्य, एवढे दोन गुण पुरेसे आहेत.

स्वाध्याय

१. स्वयंचलित यंत्राची तीन अंगे कोणती? पाण्याच्या टाकीच्या उदाहरणाने ती स्पष्ट करा.
२. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण पाठात कोणत्या संदर्भात आली आहे?
३. रिव्हॉल्व्ह आणि इन्स्टिऑन यांच्या ग्राहकांच्या अनुभवांत कोणता भेद होता? तो कशामुळे पडला?
४. इव्रियातील शिक्षकांनी आपल्या पाटीचा नकाशा सर्वांसाठी खुला का केला?
५. बैलगाडी आणि आजचे विजेचे उपकरण यांची दुरुस्तीच्या दृष्टीने तुलना करा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : स्वाधीन करणे, लयास जाणे, सूत जुळणे, निगा राखणे.
७. तुमच्या घरातील एखादे उपकरण निवडा. पाठाच्या शेवटी दिलेले तीन प्रश्न त्याला लावून पाहा आणि मिळालेली उत्तरे दहा ओळींत लिहा.